टाकळीचा पायलट

आकाशात झेप घेण्याची ओढ मानवाला अनादिकालापासून लागलेली आहे. डोंगरटाकळीच्या मानवाला मात्र देवगाव फाट्यापर्यंत पोचण्याची ओढ लागलेली असे, आणि तीही सहसा पुरी होत नसे. फाट्यापासून गाव बरंच आत, मध्ये ओढा, ओढ्यावर पूल मंजूर झालेला. हा पूल मंजूर होऊन इतकी वर्षं लोटली होती की जुनी माणसं ‘पुलाच्या अलीकडं’, ‘पुलाच्या पलीकडं’ अशा खुणा सांगत, आणि नवखा माणूस पूल शोधत ओढ्यात उतरत असे.

अशा गावच्या भुजंग लिंबाजी खिल्लारे याची विमान चालवायला शिकण्यासाठी निवड झाली. परभणीच्या कॉलेजात बी.एस्सी. करताना त्यानं समाजकल्याण खात्याची जाहिरात वाचली, अर्ज केला, मुलाखत दिली आणि विसरून गेला. मग एके दिवशी पत्र आलं. हैदराबादच्या फ्लाइंग क्लबात एक जागा आहे, खर्च सरकार करील; मात्र आधी सरकारनं नेमलेल्या डॉक्टरकडून नखशिखांत तपासून घ्यावं आणि उडण्यास लायक असल्याचा दाखला आणावा. दाखला मिळाला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल.

भुजंगचा बाप लिंबाजी बांधकाम खात्यात मैलकुली होता. जिंतूर रस्त्यावरचे खड्डे बुजवण्यात त्याची उमर गेली होती. पत्र ऐकून तो चकित झाला, पण विमानामुळं नाही. विमानं असतात हे त्याला ठाऊक होतं, दुपारच्या सुट्टीत झाडाखाली पडल्यापडल्या त्यानं ती पाहिली होती. तो चकित झाला तो तपासणीमुळं. पोराचं काळीज कसं चालतं, डोळ्यांना किती दिसतं, कानाला किती ऐकू येतं, हे सरकारला जाणून घ्यायचं होतं.

“सरकारनं आजपस्तोर आपल्याला ‘कसा हाईस बाबा’ म्हणून इचारलं न्हाई,” तो बायकोला म्हणाला, “अन् आता पोराच्या कानात वाकून बघणार हाय.”

“कानात कशाला?” सरजाबाईनं विचारलं.

“वर ऐकू याया पायजे.”

“वर बोलायला कोण असतंय?”

पण सरकार बघणार म्हटल्यावर कान स्वच्छ असावेत, हे सरजाबाईला पटलं. तिनं कोमट खोबरेल तेल करून भुजंगच्या दोन्ही कानांत चांगलं डावभर ओतलं आणि त्याला आधी एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर निजवलं. घरची एवढी तयारी पुरेशी होती. गावची तयारी अजून व्हायची होती.

डोंगरटाकळीत कुठलीही गोष्ट सत्कार झाल्याशिवाय घडली असं मानत नसत. कुणी पोलिसात लागो, कुणाची म्हैस तालुक्याच्या प्रदर्शनात पहिली येवो, सत्कार ठरलेला. सरपंच दिनकररावांनी पत्राची बातमी पोस्टमनकडून ऐकली आणि त्याच संध्याकाळी सेलूच्या बँडला निरोप धाडला. भुजंग धावत त्यांच्याकडं गेला. अजून तपासणी व्हायची आहे, दाखला मिळाल्यावर काय ते करू, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. दिनकररावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. दाखल्याचं काय एवढं, ते म्हणाले, दाखला तलाठ्याकडूनसुद्धा मिळतो.

इकडं खालच्या वस्तीत मुंजाजीनं ढोल आणि लेझमा बाहेर काढल्या होत्या. मुंजाजी हा वस्तीचा पुढारी. ते नामांतराचे दिवस होते. मोर्चे निघत होते, रस्ते अडत होते, आणि गावाची वरची आळी व खालची वस्ती एकमेकांशी बोलत होती ती फक्त पाण्याच्या पाळीपुरती. पोरगं वस्तीचं, तर पहिला सत्कार वस्तीचा, असं मुंजाजीचं म्हणणं. पोरगं गावचं, तर सत्कार गावाचा, असं दिनकररावांचं. दोघांचंही खरं होतं, त्यामुळं तोड निघेना. दुसऱ्या दिवशी सेलूहून हैदराबादची गाडी धरायची होती. शेवटी दोन्ही मिरवणुका एकाच वेळी निघाल्या आणि चावडीपाशी समोरासमोर आल्या.

बैलगाडी एकच होती आणि भुजंगही एकच होता. मग त्याला गाडीत मधोमध बसवून उजव्या अंगाला सेलूचा बँड आणि डाव्या अंगाला वस्तीचे ढोल, अशी तडजोड झाली. एक बाजू थांबली की दुसरी जिंकली असं झालं असतं, म्हणून कुणीच थांबेना. बँडवाल्यानं आपली पितळी पिपाणी भुजंगच्या कानाशी आणली, तसा मुंजाजीनं ढोलवाल्याला गाडीच्या चाकावर चढवलं. उजवीकडून मूठमूठ गुलाल पडत होता, डावीकडून तितकीच नीळ. दुपार टळून गेली तरी मिरवणूक चावडीपासून मारुतीच्या पारापर्यंतच आली होती.

कानात आईचं तेल होतंच, त्यावर आता ही रंगाची भुकटी बसत गेली. खाली डांबर, वर खडी आणि त्यावर ठोकणी. लिंबाजीनं जन्मभर याच रीतीनं खड्डे बुजवले होते, पण गर्दीत हारांच्या आड उभा असल्यामुळं त्याला हे काम दिसलं नाही.

आगगाडीत बसल्यावर भुजंग फार गप्प होता. दोनदा काही विचारूनही तो बोलला नाही, तेव्हा पोराला गाव सोडताना भरून आलं असावं असं समजून लिंबाजीनंही डोळे पुसले.

हैदराबादचे डॉक्टर हवाई दलातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, उंच गृहस्थ होते. त्यांच्या दवाखान्यात इतकी शांतता होती की लिंबाजीनं वहाणा काढून हातात धरल्या. त्यांनी भुजंगला उघडा करून छाती मोजली, पाय मोजले, बसल्यावर किती उंच आणि उभा राहिल्यावर किती उंच हे वेगवेगळं मोजलं. रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक उघडून त्यात लपलेले आकडे वाचायला लावले. डोळे जरा लालसर आहेत, पण नजर पक्की आहे, म्हणाले. मग त्याच्या छातीला तारा लावल्या आणि यंत्रातून कागदाची एक लांब पट्टी निघू लागली. तिच्यावर डोंगर उमटत होते.

“ये क्या है साब?” लिंबाजीनं हळूच विचारलं.

“इसका दिल,” डॉक्टर म्हणाले.

लिंबाजी त्या पट्टीकडं पाहत राहिला. पोराचं काळीज कागदावर उतरत होतं, एकसारखं, एकापाठोपाठ एक, आणि सरकारचा माणूस ते चष्मा लावून वाचत होता. कुठं तरी खड्डा असेल या भीतीनं त्यानं पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी चालून पाहिली. खड्डा नव्हता.

मग कानांची पाळी आली. काचेच्या एका खोपटात भुजंगला बसवून कानांवर झाकणं चढवली. आवाज आला की बोट वर करायचं, इतकंच काम. डॉक्टरांनी बटण फिरवलं. भुजंग स्वस्थ. आणखी फिरवलं. भुजंग नम्रपणे समोर पाहत होता. बटण शेवटापर्यंत गेलं तरी बोट वर होईना, तेव्हा डॉक्टरांना वाटलं, यंत्र बिघडलं. खात्री करायला त्यांनी लिंबाजीला आत बसवलं.

त्या खोपटात लिंबाजीला जन्मात प्रथमच काहीही ऐकू आलं नाही. रस्ता नाही, ट्रक नाही, बायको नाही. आणि मग त्या शांततेच्या तळातून एक बारीक सूर वर आला, विहिरीत टाकलेल्या खड्याच्या आवाजासारखा. त्यानं भक्तिभावानं बोट वर केलं. पुढचा सूर याहून बारीक होता. लिंबाजीचं बोट पुन्हा वर गेलं. सगळी तपासणी संपेपर्यंत त्याचं एकही बोट चुकलं नाही. बाहेर येऊन तो डॉक्टरांच्या पाया पडायला वाकला.

“मशीन ठीक है,” डॉक्टर म्हणाले. “बड़े मियाँ, तुम्हारे कान तो पायलट के हैं.”

मग त्यांनी छोटी विजेरी घेऊन भुजंगच्या उजव्या कानात पाहिलं. पाहतच राहिले. डाव्या कानात पाहिलं. पुन्हा उजव्या कानाकडं आले.

“एक कान लाल और एक कान नीला कायकू है?”

लिंबाजीनं अदबीनं खुलासा केला. “सीधे बाजू से गाँव है साब, और डावे बाजू से हमारी बस्ती.”

डॉक्टरांनी विजेरी विझवली. “गाँव में तीसरी पार्टी तो नईं ना?” त्यांनी विचारलं. “नाक बाकी है.”

पिचकारीनं दोन्ही कान धुवायला अर्धा तास लागला. परातीत आधी लाल पाणी पडलं, मग निळं पडलं, आणि शेवटी दोन्ही मिसळून जांभळं झालं. भुजंगनं दचकून छताकडं पाहिलं, पंख्याचा आवाज त्याला आता कुठं ऐकू आला होता. पण पडदे सुजले होते. डॉक्टरांनी कागदावर ‘तूर्त अपात्र’ असं लिहिलं आणि बजावलं: दोन हप्ते कानाला आराम द्या, मग पुन्हा या. ढोल नको, बाजा नको, रंग नको. दुसऱ्यांदा असेच कान घेऊन आलात तर कायमचं अपात्र लिहीन आणि जागा पुढच्या पोराला जाईल.

परतीच्या वाटेवर लिंबाजीला डॉक्टरांची भीती वाटत नव्हती, गावाची वाटत होती. आणि ती खरीच ठरली. निकाल अजून लागायचा आहे असं सांगून त्यानं वेळ मारून नेली, तर दिनकररावांनी जाहीर केलं की पोरगं पुन्हा जाईल तेव्हा थेट देवगाव फाट्यापर्यंत मिरवत नेऊ. मुंजाजीनं मानवतहून आणखी दोन ढोल मागवले. भुजंग कानात कापूस घालून, वर उपरणं गुंडाळून घरातल्या घरात बसला. ताप आहे म्हणून सांगितलं, तर लोक टोळीनं ताप बघायला येऊ लागले आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं धीर देऊ लागले.

“असं न्हाई भागायचं,” सरजाबाई म्हणाली. “कुणाला कळू न देता काढा त्याला. पण खोटं बोलायचं तर असं बोला की कुणी संगं येऊ ने.”

हेच अवघड होतं. लिंबाजीनं खूप विचार केला. सोयरीक बघायला चाललो म्हणावं, तर जीप भरून माणसं येणार. मयतीला चाललो म्हणावं, तर दोन जिपा. दवाखान्याला म्हणावं, तर निदान चौघं डबा घेऊन येतील. माणूस एकटा जातो असं ठिकाण डोंगरटाकळीच्या माहितीत एकच होतं: कोर्ट. साक्षीदार म्हणून नाव लागेल या धास्तीनं तिथं सख्खा भाऊसुद्धा सोबत येत नसे.

म्हणून जायच्या आदल्या दिवशी लिंबाजीनं मुंजाजीला बाजूला घेऊन सांगितलं, भुजंगची तारीख आहे.

“कसली तारीख?”

लिंबाजीनं तारखेपुढचा विचार केला नव्हता. “फाट्यावरच्या रास्ता रोकोची,” तो म्हणाला.

“पण त्या दिशी तर भुजंग परभणीला व्हता.”

“व्हता ना. तरी बी नाव घातलंय.”

मुंजाजीचा तत्काळ विश्वास बसला. जो हजर नव्हता त्याचंच नाव पोलीस आधी लिहितात, हा त्याचा अनुभव होता. तो स्वतः हजर होता आणि त्याचं नाव कुठंच नव्हतं. त्यानं लिंबाजीचा हात दाबला, कुणाला सांगू नको म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ही गोष्ट गुपचूप कळली. सकाळी बापलेक निघाले तेव्हा वाटेतल्या घरांची दारं हळूच लागत गेली. ढोल नाही, बँड नाही. लिंबाजीला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

हैदराबादला या खेपेला सगळं सुरळीत झालं. काचेच्या खोपटात भुजंगचं बोट सारखं वर जात होतं, बाहेर लिंबाजीही बोट वर करत होता. डॉक्टरांनी दोन्ही कानांत डोकावून, रंग नाही याची खातरी करून दाखल्यावर सही केली. काळजाची पट्टी मला घरी न्यायला मिळेल का, असं लिंबाजीनं विचारलं. ती सरकारजमा होते, डॉक्टर म्हणाले. सरकार पोराचं काळीज जपून ठेवणार, हे ऐकून लिंबाजीनं पुन्हा हात जोडले.

गाडीला वेळ होता म्हणून भुजंगनं बापाला विमानतळाच्या कुंपणापाशी नेलं. आत क्लबचं एक लहानसं विमान उभं होतं. पण लिंबाजीची नजर आधी गेली ती रस्त्यावर. एवढा लांब, एवढा रुंद, आणि त्यावर एकसुद्धा ठिगळ नाही. तो तारेला धरून उभा राहिला. असा रस्ता करता येतो, हे त्याला कुणी साहेबानं सांगितलं नव्हतं.

“आबा, विमान बघा की,” भुजंग म्हणाला.

विमान घुरघुरत टोकाला गेलं, वळलं आणि धावत आलं. एवढा चांगला रस्ता, अर्धाअधिक अजून पुढं शिल्लक होता, आणि त्या विमानानं तो सरळ सोडून दिला. रस्ता सोडून गेलेल्या गाड्या लिंबाजीनं पुष्कळ पाहिल्या होत्या. त्या खाली गेलेल्या असत, ओढ्यात. वर गेलेली ही पहिलीच. ती लहान होत होत ठिपका झाली, तरी त्याची मान खाली येईना. कानांवर त्याचा आता भरवसा होता, ठिपका दिसेनासा झाला तरी त्याला आवाज येत राहिला.

“तू हे करणार?” त्यानं विचारलं.

“करीन.”

“अन् खाली कसं येत्यात?”

“ते शिकवत्यात, आबा.”

लिंबाजीनं पोराकडं वेगळ्याच नजरेनं पाहिलं आणि परतीच्या सगळ्या वाटेवर दाखला स्वतःच्या बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघं ओढ्यापाशी पोचले तर गाव चमत्कारिक शांत होतं. बाभळीआडून मुंजाजी पुढं आला, त्यानं भुजंगच्या डोक्यावर उपरणं टाकलं आणि त्याला चिंचोळ्या बोळानं घरी नेलं. घरात सरजाबाई होती आणि, ज्यांनी या वस्तीत कधी पाऊल टाकलं नव्हतं, ते दिनकररावही बाजेवर बसले होते. सगळ्यांच्या तोंडावर मोठं काम पार पाडल्याचं समाधान होतं.

“काल पोलीस आला व्हता,” मुंजाजी म्हणाला. “तुझ्या पोराचं नाव घेऊन. नाव, बापाचं नाव, आडनाव, समदं बराबर.”

हवालदार सायकलवर आला होता. भुजंग खिल्लारे कुठं राहतो, त्याची चालचलणूक कशी आहे, विमान शिकायला जायलाय म्हणे, असं तो विचारत होता. मुंजाजीनं क्षणात ताडलं: कोर्टाची भानगड विमानापर्यंत पोचली, आता पोरगं गावात आहे म्हटलं की याचं उडणं बंद. तो धावत वरच्या आळीला गेला आणि कितीएक वर्षांनी दिनकररावांच्या दारात उभा राहिला. दोघांचं तिथल्या तिथं एकमत झालं. चावडीवर अजून टांगलेला ‘आमचा पायलट भुजंग’ असा कापडी फलक पोरांनी उतरवला, घडी घातली आणि हवालदाराला बसायला सतरंजी टाकली तिच्याखाली सारला. हवालदार त्यावर बसून चहा प्याला.

“म्या मनलो,” दिनकरराव म्हणाले, “आमच्या गावाला यष्टी यीना, अन् इमान कुठलं लावलंय? असा कोणी माणूसच न्हाई इथं. मग मुंजाजीला इचारलं. त्यो बी तेच मनला. समद्या गावाला इचारलं त्यानं, घरोघर. एक माणूस फुटला न्हाई बघ, लिंबाजी. वरच्या आळीचा न्हाई, खालचा न्हाई.”

“मला बी इचारलं,” सरजाबाई म्हणाली. “मनला, बाई, तुला लेकरं किती. म्या मनलं, एक बी न्हाई. जीभ उचलंना, पण मनलं.”

लिंबाजीनं बंडीत हात घातला होता तो तसाच राहिला. भुजंगनं डोक्यावरचं उपरणं काढलं आणि हळूहळू, प्रत्येकाला समजेल असं सांगितलं. विमान शिकणाऱ्या प्रत्येकाची पोलीस चौकशी होतेच. नाव-पत्ता खरा आहे का, वागणूक बरी आहे का, एवढंच त्यांना लिहून पाठवायचं असतं. ते गेलं की परवाना. केस नाही, तारीख नाही, काही नाही. दवाखान्याला गेलो होतो. हा बघा दाखला.

दाखला हातोहात फिरला. दिनकररावांनी तो उलटा धरला, मुंजाजीनं सुलटा केला.

“त्यानं काही लिहून नेलं का?” भुजंगनं विचारलं.

“नेलं की,” दिनकरराव म्हणाले. “पक्कं करून नेलं.”

दुसऱ्या दिवशी भुजंग सेलूला ठाण्यात जाऊन आला. अहवाल आदल्या दिवशीच्या टपालानं परभणीला गेला होता. भुजंग लिंबाजी खिल्लारे या नावाचा इसम मौजे डोंगरटाकळी येथे राहत नाही व पूर्वीही राहत नव्हता, असं त्यात लिहिलं होतं. खाली सरपंचांची सही होती, मुंजाजीची सही होती आणि सरजाबाईचा अंगठा होता.